मुलांचा खर्च, बेपत्ता बाप आणि सरकारी संगणक



घटस्फोट हा विषय आपल्या गणपती-दिवाळीच्या गप्पांत निघत नाही. पण तो आपल्याही घरांत आहे. "तो नोकरी सोडून दुसऱ्या राज्यात गेला, पत्ता देत नाही, मुलांच्या खर्चाचे पैसे मागायचे कुणाकडे?" असं विचारणारी एखादी ताई तुमच्याही ओळखीत असेल. ही माहिती तिच्यासाठी.

नवी नोकरी लागली की आपण डब्ल्यू-फोर फॉर्म भरतो. त्यावरचं नाव, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी नंबर कंपनीला जास्तीत जास्त २० दिवसांत राज्य सरकारला कळवावा लागतो. तिथून ही नोंद केंद्र सरकारच्या 'नॅशनल डिरेक्टरी ऑफ न्यू हायर्स'मध्ये जाते. १९९६ च्या कायद्याने ही यादी आली आणि १९९७ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. वर्षभराने चाइल्ड सपोर्टच्या केसेसची यादी जोडली गेली. संगणक दोन्ही याद्या जुळवतो. नंबर जुळला की आईच्या राज्याला कळतं आणि पगारातूनच पैसे कापायचा आदेश कंपनीकडे जातो. आई न्यू जर्सीत, बाप टेक्सासमध्ये, तरी चालतं.

बँक खाती आणि टॅक्स रिफंडही याच तऱ्हेने सापडतात. थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली की अमेरिकन पासपोर्ट अडतो. (भारतीय पासपोर्टवाल्याला अर्थात हा चाप नाही!) शिवाय पगारी नोकरी न करता स्वतंत्र कन्सल्टिंग करणाऱ्यांची नोंद केंद्राच्या नियमात सक्तीची नाही. आपल्या आयटीवाल्यांत असे बरेच.

ही यादी आपल्याला स्वतः बघता येत नाही. राज्याच्या चाइल्ड सपोर्ट ऑफिसात अर्ज करायचा. फी २५ डॉलरपेक्षा जास्त नसते. कोर्टाचा आदेश नसेल तर तो मिळवायलाही ते मदत करतात. मारहाणीची भीती असेल तर आधीच सांगा, म्हणजे तुमचा पत्ता समोरच्याला दिला जात नाही.

मात्र हे जाळं अमेरिकेपुरतंच. बाप पुण्याला परतून हिंजवडीत नोकरीला लागला, तर इथल्या यादीत काहीच उमटत नाही. परदेशातून मुलांचा खर्च वसूल करण्याच्या २००७ च्या हेग करारात अमेरिका २०१७ पासून आहे, भारत नाही. मग पत्ता आपणच शोधून तिथल्या कोर्टात जावं लागतं. म्हणून घरात 'परत जाण्याची' भाषा सुरू झाली असेल, तर त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर, कंपनीचं नाव आणि गावाकडचा पत्ता आजच लिहून ठेवा, आणि विमानाचं तिकीट निघण्याआधी अर्ज करा.