विश्लेषण : दिवाळीचा फराळ न सोडता तब्येत कशी सांभाळायची? खाण्याचे गणित काय सांगते?

चकली, चिवडा, लाडू, करंज्या, शंकरपाळ्या… फराळाचे डबे भरले की घरोघरी दोन सूर ऐकू येतात. ‘दिवाळी वर्षातून एकदाच तर येते’ हा एक, आणि ‘यंदा गोड पूर्ण बंद’ हा दुसरा. दुसरा निश्चय बहुतेक वेळा भाऊबीजेपर्यंतही टिकत नाही. गणित मांडून पाहिले तर अडचण फराळात कमी आणि तो खाण्याच्या वेळेत जास्त असल्याचे दिसते.

एका लाडवात नेमके किती?

एक ग्रॅम तेल-तुपातून ९, तर एक ग्रॅम कर्बोदके किंवा प्रथिनांतून ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. मध्यम आकाराच्या बेसन लाडवात १० ग्रॅम तूप, १० ग्रॅम साखर आणि १२ ग्रॅम बेसन धरले, तर बेरीज १७५ किलोकॅलरींच्या आसपास जाते. दोन लाडू म्हणजे साधारण तेल लावलेल्या तीन पोळ्या. फरक इतकाच, की तीन पोळ्या खाल्ल्यावर पोट भरते. दोन लाडू मात्र चहाबरोबर सहज संपतात.

साखरेचेही तसेच. दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढाने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमपर्यंत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांवरून दिसते. दोन लाडवांतली २० ग्रॅम आणि प्रत्येकी दोन चमचे साखरेच्या दोन कप चहातली २० ग्रॅम मिळून ४० ग्रॅम तिथेच होतात.

मग चूक कुठे होते?

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले की फराळ, ही जुनी पद्धत. म्हणजे तो दिवसाचे पहिले खाणे असतो. आता मात्र तो दुपारच्या चहाबरोबर, पाहुण्यांकडे आणि रात्री टीव्हीसमोर होतो, शिवाय दोन्ही वेळची जेवणे ठरल्याप्रमाणे होतातच. त्यात डबे चार दिवसांत संपत नाहीत. ते तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतात.

सणांत वजन खरेच वाढते का?

वाढते, पण वाटते तितके नाही. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात थँक्सगिव्हिंग ते नववर्ष या काळात प्रौढांचे वजन सरासरी ०.३७ किलोने वाढल्याचे आढळले. काळजीची बाब वेगळीच होती. हे थोडेसे वाढलेले वजन पुढच्या काही महिन्यांत उतरले नाही. दरवर्षी अशी भर पडत गेली, तर दहा वर्षांत ती कमरेवर दिसते.

फराळ कसा खावा?

● फराळ न्याहारीऐवजी घ्यावा, न्याहारीनंतर नव्हे. सोबत मोडाची उसळ, दही किंवा ताक असेल तर पोट लवकर भरते.

● डब्यातून थेट खाऊ नये. लहान ताटलीत एक गोड आणि एक-दोन तिखट पदार्थ वाढून घ्यावेत व डबा पुन्हा कपाटात ठेवावा.

● एकाच दिवशी तीन-चार घरी जायचे असेल, तर एका घरी करंजी, दुसऱ्या घरी चिवडा अशी विभागणी करावी. त्या दिवसांत चहा बिनसाखरेचा घेतला तरी बराच फरक पडतो.

● संध्याकाळच्या फराळानंतर रात्री आमटी, भाजी, कोशिंबीर असे हलके जेवण पुरते. जेवणानंतर १०-१५ मिनिटे चालल्यास रक्तातील साखर कमी चढते.

गुळाचे, बेक केलेले पदार्थ चालतात?

गुळातही मुख्यतः साखरच असते, त्यामुळे गुळाचा लाडू ‘मोकळेपणाने’ खाण्यासारखा होत नाही. बेक केलेल्या चकलीत तेल कमी असते, पण पीठ तेवढेच. पातळ पोहे भाजून केलेला चिवडा तळलेल्यापेक्षा हलका, पण त्यातले दाणे आणि खोबरे मोजूनच घालावे. ‘शुगर-फ्री’ मिठाईत साखर नसली तरी तूप आणि खवा असतोच.

मधुमेह असेल तर?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत, तर १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. अशांनी संध्याकाळी गोड खायचे म्हणून सकाळी उपाशी राहू नये. औषध किंवा इन्सुलिन सुरू असताना जेवण चुकवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. गोड खाल्ले म्हणून गोळी मनाने वाढवणे तितकेच घातक. मात्रेतला बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

यजमानांचाही यात वाटा आहे. भरलेली बशी हातात देण्याऐवजी पदार्थ मध्ये ठेवून पाहुण्यांना हवे तेवढे घेऊ द्यावे. कुणी ‘नको’ म्हटले, तर दुसऱ्यांदा आग्रह करू नये.