*स्टिअरिंगचा संशय आला? दुसऱ्या मिस्त्रीलाही दाखवा, आणि बिघाड डोळ्यांनी पाहा*



कापूस हिंगणघाटच्या बाजार समितीत न्यायचे दिवस आले की आपल्या अल्लीपूर भागातल्या छोटा हत्ती, पिकअप, ४०७, आयशर या गाड्यांना उसंत नसते. "स्टिअरिंग ढिलं वाटते", "गाडी एका बाजूनं ओढते", "हातात थरथर येते" अशा तक्रारीही याच दिवसांत निघतात. गाडी दाखवली की एक मिस्त्री म्हणतो, "काही नाही होत भाऊ, चालते अजून." दुसरा म्हणतो, "पूरा स्टिअरिंग बॉक्स बदलावा लागते." पहिला चुकला तर जिवावर बेतते. दुसरा चुकला तर हंगामातला पैसा जातो, आणि खरा बिघाड गाडीतच राहतो.

म्हणून स्टिअरिंगच्या बाबतीत एकाच्या शब्दावर निर्णय घेऊ नका. दुसरं मत घ्या. ते कसं घ्यायचं, ते खाली दिलं आहे.

*आधी हे पाहा: गाडी हलवायची की नाही?*

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर गाडी गॅरेजला चालवत नेऊ नका. मिस्त्रीला गाडीजवळ बोलवा. माल भरलेला असेल तर दुसऱ्या गाडीत घ्या.

▪️ कालपर्यंत बरं होतं आणि आज अचानक स्टिअरिंग जास्त फिरून मग चाक वळते
▪️ वळवताना स्टिअरिंग मध्येच अडकते
▪️ खालून कट-कट आवाज येतो आणि त्यासोबत हाताला झटका बसतो
▪️ एखाद्या जॉइंटची पिन गायब आहे, नट ढिला आहे
▪️ पाट्यांचा यू-बोल्ट तुटला आहे किंवा सरकला आहे
▪️ पॉवर स्टिअरिंगचं ऑइल जमिनीवर गळते

दोन मतं मिळेपर्यंत "धोका आहे" म्हणणाऱ्याचंच खरं धरा.

*घरीच १० मिनिटांची तपासणी*

गाडी सपाट जागी रिकामी उभी करा, चाकं सरळ ठेवा. पॉवर स्टिअरिंग असेल तर गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा आणि मगच इंजिन सुरू करा. स्टिअरिंगच्या वरच्या टोकाला, घड्याळात १२ असतात तिथे, चिकटपट्टी लावा. एकानं बाहेर, बाजूला उभं राहून पुढचं टायर पाहावं. दुसऱ्यानं स्टिअरिंग बोटांनी हळूच डावीकडे फिरवावं. टायर हलायला लागलं की थांबा आणि पट्टी कुठे आहे ते लक्षात ठेवा. मग उजवीकडे तसंच करा. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे स्टिअरिंगचा प्ले.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ सांगतो की हा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. ३० अंश म्हणजे घड्याळात १२ पासून १ पर्यंतचं अंतर. स्टिअरिंग दीड फूट व्यासाचं असेल तर काठावर साधारण १२ सेंटीमीटर. ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे, चांगल्या गाडीत प्ले यापेक्षा बराच कमी असतो. जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या लॉक असाव्यात, हेही त्याच नियमात आहे. वाकून, टॉर्च मारून हे तुम्हालाही पाहता येते. आधी इंजिन बंद करा.

*तक्रार स्टिअरिंगची, कारण भलतंच*

▪️ *गाडी एका बाजूला ओढते:* आधी दोन्ही पुढच्या टायरची हवा मोजा. एका चाकाचा ब्रेक धरून राहिला तरी गाडी ओढते. चालवून आल्यावर ते चाक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागते. पुढची दोन टायरं आपसात बदलून पाहा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा.
▪️ *ठराविक वेगाला थरथर:* बहुतेक वेळा चाकाचं बॅलन्सिंग, फुगलेलं टायर किंवा वाकडी रिम.
▪️ *स्टिअरिंग जड:* हवा कमी, किंगपिनला ग्रीस नाही, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल कमी किंवा बेल्ट ढिला.
▪️ *भरल्यावरच पुढून हलकं वाटते:* कापूस डाल्याच्या मागे बाहेर काढून भरला की मागच्या एक्सलच्या मागे वजन जाते, पुढची चाकं उचलल्यासारखी होतात आणि रस्त्यावरची पकड कमी होते. हा बिघाड गॅरेजमध्ये सापडणार नाही, भरण्याची पद्धतच बदलावी लागेल.

*मिस्त्रीकडून काय करून घ्यायचं*

स्टिअरिंगपासून चाकापर्यंत एक साखळी असते: बॉक्स, ड्रॅग लिंक, टाय रॉड, त्यांचे बॉल जॉइंट, किंगपिन, चाकाचं बेअरिंग. गाडीप्रमाणे रचना थोडी वेगळी असते, पण झीज कोणत्या कडीत आहे हे शोधता येते.

१) गाडी जमिनीवर असताना एकानं स्टिअरिंग थोडं डावी-उजवी हलवायचं आणि मिस्त्रीनं खाली एकेक जॉइंट पाहायचा. ज्या जॉइंटची एक बाजू आधी हलते आणि दुसरी मागाहून, तो झिजला.

२) पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचं. प्ले आला तर दुसऱ्यानं ब्रेक दाबायचा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट.

३) तेच चाक डावी-उजवीकडून धरून हलवायचं. इथे टाय रॉड एंडची झीज कळते.

४) या सगळ्या कड्या पक्क्या निघाल्या आणि तरी प्ले आहे, तरच बॉक्सकडे वळायचं. त्यातही ॲडजस्टमेंटनं काम होते का, हे आधी विचारायचं.

⚠️ नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. मागच्या चाकांना दगड आणि एक्सलखाली स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळा लावाच.

*दुसरं मत घेताना*

▪️ पहिल्या मिस्त्रीला विचारा: कोणता पार्ट गेला? मला हलवून दाखवा. पार्टचे किती, मजुरी किती? हलणाऱ्या जॉइंटचा मोबाईलवर व्हिडिओ काढा.
▪️ दुसऱ्याकडे जाताना पहिल्यानं काय सांगितलं ते बोलू नका. "बॉक्स गेला म्हणतात" असं सांगितलं की तोही बॉक्सच पाहतो. फक्त लक्षणं सांगा: कधी होते, रिकामी की भरलेली, किती वेगाला, ब्रेक मारताना की वळताना. व्हिडिओही त्याची तपासणी झाल्यावरच दाखवा.
▪️ दुसरा मिस्त्री पहिल्याच्या ओळखीचा किंवा त्याच पार्टच्या दुकानाशी जोडलेला नको. तपासणीचे पैसे वेगळे द्या, म्हणजे काम काढायची त्याला गरज पडत नाही.
▪️ दोघांचं मत एक आलं तर काम करून घ्या, टाळू नका. वेगळं आलं तर दोघांनाही झीज दाखवायला सांगा. जो हलवून दाखवतो त्याचं ऐका. तरी उलगडा झाला नाही तर गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवा.
▪️ "आत्ताच तर पासिंग झालं" हे उत्तर मानू नका. मालवाहू गाडीचं फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी होते. त्या दिवशी गाडी कशी होती, एवढंच त्यातून कळते.

*काम झाल्यावर*

जुना पार्ट मागून घ्या. वाकलेला टाय रॉड किंवा स्टिअरिंगचा आर्म तापवून सरळ करू देऊ नका, वेल्डिंगही नको, तो बदलायचाच. नवीन पिना लागल्या का ते पाहा. अलाइनमेंट करून घ्या. आधी रिकामी गाडी गावातल्या गावात हळू चालवा, परत नट तपासून घ्या, मगच माल भरा.

गाडी भाड्याची असेल तरी माल आपला असतो, आणि कधी कधी आपलीच माणसं कापसावर बसून जातात. माणसं मालावर बसवू नका. निघण्याआधी ड्रायव्हरला स्टिअरिंगचं विचारा, पट्टीची तपासणी करायला लावा. त्यात कोणी वाईट वाटून घेऊ नये.

हा मेसेज आपल्या गाडीवाल्याला आणि ड्रायव्हरला पाठवा. काही शंका असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज टाका.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी, अल्लीपूर