गावाच्या वेशीवर कारखाना आला म्हणजे

गावाजवळ एखादा कारखाना निघणार अशी कुणकुण लागली, की चावडीवर दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरांना नोकऱ्या लागतील, रस्ता होईल, शाळेला चार खोल्या मिळतील. दुसरा म्हणतो, जमीन जाईल, विहिरीचं पाणी नासेल आणि कामावर माणसं बाहेरचीच येतील. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. पण या वादात एक प्रश्न मागे राहून जातो, तो असा की हा कारखानदार आणि आपण यांचा व्यवहार कोणत्या अटींवर होणार, आणि गावाच्या वतीने बोलणार कोण?

आजकाल अशा व्यवहाराला ‘भागीदारी’ म्हणण्याची चाल पडली आहे. शब्द चांगला आहे, पण तो फार स्वस्त झाला आहे. कंपनीचे साहेब येतात, शाळेला वीस बाके देतात, फीत कापतात, फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात भागीदारी छापून येते. तुम्ही शेतकरी आहात. वाट्याने शेत करणे म्हणजे काय ते तुम्हाला कोणी शिकवायला नको. पेरणीच्या आधीच ठरतं की बी कोणाचं, खत कोणाचं, राबणार कोण आणि शेवटी कडबा कोणाच्या वाड्यात जाणार. जिथं हे आधी ठरत नाही तिथं खळ्यावर भांडण होतं. गावाने आणि उद्योगाने एकत्र काम करायचे तर तेही असेच आधी ठरायला हवे, आणि ठरवताना गावाला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक हवी. जो नाही म्हणू शकत नाही त्याला वाटेकरी म्हणत नाहीत.

ही मोकळीक नसली म्हणजे काय होते, ते पुणे जिल्ह्यातल्या मुळशी पेट्याने शंभर वर्षांपूर्वी पाहिले. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांच्या कंपनीने मुळशीला धरण बांधायला घेतले. मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. त्यांना कोणी विचारले नाही. सरकारने कायद्याने जमीन घेऊन ती कंपनीला द्यायची असा मार्ग होता. 1921 साली सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यातून. लोक तुरुंगात गेले, तरी धरण व्हायचे ते झालेच. वीज वाईट होती असे कोणी म्हणणार नाही. पण ज्यांची जमीन गेली त्यांना त्या सौद्यात बसायला जागाच नव्हती, आणि ती सल त्या खोऱ्यात पिढ्यानपिढ्या राहिली.

आता याच्या उलट टोकाचे उदाहरण पाहू. ते गडचिरोली जिल्ह्यातले आहे. धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गाव आहे. शेजारच्या लेखा गावामुळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. सुमारे शंभर घरांची गोंड वस्ती. भोवती बांबूचे जंगल. या भागातला बांबू वर्षानुवर्षे सरकारी करारावर कागद कारखान्याला जात असे. जंगल गावाभोवतीचे, पण सौदा सरकार आणि कारखाना यांच्यातला. मेंढ्याच्या लोकांनी काय केलं, तर आधी आपली ग्रामसभा नीट बसवली. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीने घ्यायचा असे ठरवले. एकाचाही विरोध असला तर पुन्हा बसायचे. त्यात वेळ जातो खरा; पण असा निर्णय मग कोणी बाहेरून फोडू शकत नाही. ग्रामसभेच्या जोडीला त्यांनी अभ्यासगट चालवला. कायदा काय सांगतो, जंगलात काय आहे, कोणाकडून काय मागायचे याची चर्चा तिथे व्हायची. देवाजी तोफा हे गावचे पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले मित्र, यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत.

पुढे 2006 साली वनहक्क कायदा झाला. बांबू आणि तेंदू हे गौण वनोपज आहेत, आणि त्यावर गावाचा सामूहिक हक्क असू शकतो, हे त्यात स्पष्ट लिहिले गेले. 2009 साली मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू तोडून विकायचा तर वाहतुकीचा परवाना लागतो, आणि ते परवाना-पुस्तक वनखात्याच्या हातात. म्हणजे घर तुमचे आणि किल्ली दुसऱ्याकडे! अखेर एप्रिल 2011 मध्ये त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. तेव्हापासून बांबू हवा असलेल्या व्यापाऱ्याला ग्रामसभेशी बोलावे लागू लागले. किती तोडायचा, किती राखायचा, मजुरी काय, भाव काय, हे ग्रामसभेत ठरू लागले.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे जंगल नाही, बांबू नाही, आम्ही काय करणार? बरोबर आहे. पण मेंढ्याची ताकद फक्त बांबूत नव्हती. गिऱ्हाईक येण्याआधी गाव एकत्र बसलेले होते, आणि हिशेब उघडा होता. एवढे कोणत्याही गावाला जमण्यासारखे आहे. एखादा चांगला बचत गट घ्या. 1992 साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग पाचशे गटांपासून सुरू केला, तेव्हा बँकांनी गटाकडे काय तारण मागितले? जमीन नाही, दागिना नाही. नियमित बैठक, नियमित बचत, आपसातला कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि चोख लिहिलेली वही, एवढ्यावर बँकेने पैसे दिले. कंपनीच्या साहेबालाही हीच वही दाखवावी. तो हिशेबाचाच माणूस असतो. त्याला वही भाषणापेक्षा लवकर कळते.

आता कायद्याकडे वळू. हा भाग शिक्षक मंडळींनी विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण गावात तो समजावून सांगण्याची पाळी त्यांच्यावरच येणार आहे. 2013 च्या कंपनी कायद्यात 135 वे कलम आहे. 1 एप्रिल 2014 पासून ते लागू झाले. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी रुपये, किंवा वर्षाची उलाढाल 1,000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांपैकी एका तरी आकड्याला पोचतो, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च केले पाहिजेत. यालाच लोक ‘सीएसआरचा पैसा’ म्हणतात. कंपनीने आपल्या कामकाजाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही त्याच कलमात आहे. तेव्हा हा पैसा मागताना हात पसरल्यासारखे वाटून घेऊ नका. मात्र तो आपल्याच गावाचा हक्क आहे असेही समजू नका. कंपनी तो कुठे खर्च करायचा हे तिचे संचालक मंडळ ठरवते.

काय या खर्चात धरत नाहीत, हेही माहीत असावे. केवळ आपल्याच कामगारांच्या सोयीसाठी केलेला खर्च यात येत नाही. राजकीय पक्षाला दिलेली देणगी येत नाही. आणि गावच्या जत्रेत आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून कंपनीने मांडव घालून दिला, तर तोही येत नाही. जाहिरातीला जाहिरातच म्हणायचे, असे नियमच सांगतो.

कंपनी हा पैसा स्वतः खर्च करू शकते, नाहीतर नोंदलेल्या विश्वस्त संस्थेमार्फत किंवा सोसायटीमार्फत करू शकते. अशा संस्थेला 1 एप्रिल 2021 पासून केंद्र सरकारकडे वेगळी नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. त्यामुळे उद्या कोणी सुटाबुटातला गृहस्थ येऊन म्हणाला, की ‘कंपनीचा पैसा आणून देतो, आधी थोडा खर्च करा’, तर त्याला प्रथम हा क्रमांक विचारा. पुष्कळदा तेवढ्यावरच गृहस्थाला दुसरे काम आठवते.

2021 च्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते गावाच्या दृष्टीने ती सगळ्यात मोलाची. या पैशातून जी कायमची वस्तू उभी राहील, मग ती डाळ भरडण्याची यंत्रे असोत, शिवणयंत्रे असोत की शीतगृह असो, ती कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत संस्थेच्या, सार्वजनिक प्राधिकरणाच्या किंवा लाभार्थ्यांच्या बचत गटाच्या अथवा समूहाच्या नावावर असली पाहिजे. म्हणजे यंत्राची मालकी गटाकडे येऊ शकते. मग कागदावर ती कोणाकडे गेली, हे यंत्र उतरवून घेण्याच्या दिवशीच बघून घ्या. नंतर विचारत बसलात तर उत्तर मिळायला वर्ष लागेल.

शाळेपुरते बोलायचे तर गटाचा शोध घ्यायलाच नको. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे काम आहे. कित्येक ठिकाणी हा आराखडा गुरुजी एका संध्याकाळी एकटे लिहितात आणि बाकीचे सही करतात. तो खरोखर बसून केला तर कंपनीपुढे ठेवायला यापेक्षा चांगला कागद नाही. आराखड्यात मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी हवे असे लिहिले असेल, आणि साहेब रंगीत टीव्ही देतो म्हणाला, तर समितीने नम्रपणे सांगावे, ‘साहेब, आधी पाणी.’ असे सांगितले म्हणून मागे फिरणारा साहेब फार करून फोटोसाठीच आलेला असतो.

दान घेण्याहून टिकाऊ संबंध खरेदीविक्रीचा. कारखान्याला उपाहारगृहासाठी भाकरी, लोणची, भाजी लागते. गणवेश शिवून लागतात. बागेला रोपे लागतात. हे गावातल्या गटाने पुरवले तर वर्षभर पैसा गावात फिरतो. पण इथे कारखानदाराने एक पथ्य पाळायला हवे: बिल वेळेवर चुकते करायचे. मोठ्या कंपनीला तीन महिने पैसे अडकले तर काही वाटत नाही. दहा बायकांच्या गटाचा मात्र तेवढ्यात कणा मोडतो. 2006 च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे, नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लहान पुरवठादाराचे पैसे करार काहीही असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज लागते. म्हणून गटाने उद्यम नोंदणी करून घ्यावी. गटाकडूनही तेवढाच चोखपणा हवा. पहिल्या महिन्यात उत्तम लोणचे आणि लग्नसराईत कसेही, असे चालणार नाही.

एक इशारा मात्र द्यायला हवा. कारखान्याचे सांडपाणी ओढ्यात येत असेल, तर त्याची तक्रार आणि शाळेच्या बाकांचा अर्ज हे एकाच बैठकीत आणू नका. दोन्ही एकत्र आले की बाके मिळतात आणि तक्रार विरते. पाण्याची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी करायची, आणि ती देणगीसाठी मागे घ्यायची नाही. शहाणा कारखानदारही हेच पसंत करील. कारण बाके देऊन गप्प केलेले गाव एक दिवस एकदम उठते, आणि त्या दिवशी फाटक बंद राहिल्याचे नुकसान बाकांच्या किमतीहून कितीतरी मोठे असते.

आणि देखभाल. पाणी शुद्ध करण्याची यंत्रे गावोगाव बसली. त्यातली कितीतरी गाळणी बदलायला पैसे नाहीत, वीजबिल कोणी भरायचे ते ठरलेले नाही, म्हणून कुलपात पडली आहेत. यंत्र घेण्याआधीच घागरीमागे किती घ्यायचे, ते पैसे कोणाकडे जमा व्हायचे, बिघाड झाला तर कोणाला बोलवायचे आणि कंपनी किती वर्षे दुरुस्ती करून देणार, हे एका पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. साहेबांची बदली होते, संचालक बदलतात. ते पान ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहते. नव्या साहेबाला जुन्याचा शब्द सांगून उपयोग नसतो, सही दाखवावी लागते.

अर्ज केव्हा करायचा? बहुतेक गावे फेब्रुवारी-मार्चमध्ये धावपळ करतात. तोवर कंपनीचे पैसे वाटून झालेले असतात, किंवा उरलेला पैसा घाईने संपवायचा म्हणून नको ती वस्तू गावाच्या गळ्यात पडते. कंपनीला या खर्चाचा वार्षिक आराखडा करावा लागतो, आणि तिचे वर्ष एप्रिलपासून सुरू होते. तेव्हा दिवाळी झाली, पोरांची शाळा उघडली, की समितीची किंवा गटाची बैठक घ्या. गेल्या वर्षी त्या कंपनीने कुठे किती खर्च केला ते तिच्या वार्षिक अहवालात छापलेले असते. शाळेतल्या संगणकावर किंवा एखाद्या मुलाच्या मोबाईलवर ते पाहता येईल. मग एकच काम निवडा, त्याचा अंदाजे खर्च काढा, त्यातला आपला वाटा श्रमाचा, जागेचा की पैशाचा ते लिहा, ठरावाची नक्कल आणि मागच्या दोन वर्षांचा हिशेब जोडा, आणि डिसेंबर संपण्याआधी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.