तेल्या, ताण आणि केगावचे डाळिंब केंद्र

सोलापूरहून पुण्याकडे निघाले की शहर मागे पडता पडता केगाव लागते. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथे आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 2005 साली ते सुरू केले, तेही खास एकाच फळासाठी. त्यासाठी सोलापूर निवडले याचे कोणाला नवल वाटले नसावे. जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस आणि मुरमाड, हलकी राने असलेल्या या जिल्ह्यात डाळिंबाइतके पैसे देणारे दुसरे फळझाड सापडणे कठीण.

बागा त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या. 1990 नंतर रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागातल्या दोन-चार एकरवाल्यांनी खड्डे घेतले. तेव्हा जोर गणेश वाणाचा होता. डॉ. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंडीत आळंदीच्या डाळिंबातून 1936 साली हा वाण निवडला होता. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा भगवा आला. जाड साल, गडद केशरी-लाल रंग, लांबच्या प्रवासाला टिकणारे फळ. निर्यातीचे दार त्याने उघडले आणि बघता बघता गणेश मागे पडला.

भगव्याच्या पाठोपाठ तेल्याही फोफावला. पानावर तेलकट ठिपका, मग फळावर काळा डाग, मग डागातून तडा. आतले दाणे चांगले असले तरी व्यापारी ते फळ बाजूला काढतो. हा रोग जिवाणूचा, आणि बागेत शिरलेला तेल्या समूळ घालवणारे औषध नाही. बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या त्याला आवरतात, इतकेच. त्यामुळे केंद्राचा माझ्या मते सर्वांत मोलाचा सल्ला बाटलीत मिळत नाही, तो कॅलेंडरात आहे.

डाळिंबाला वर्षातून तीनदा फूल येऊ शकते: जूनचा मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त आणि जानेवारीचा आंबे बहार. मृगात पावसाचे पाणी फुकट मिळते, पण फळ ऐन दमट हवेत वाढते आणि तेल्याला हवे असते तेच. म्हणून तेल्या असलेल्या भागात केंद्र हस्त बहाराकडे बोट दाखवते. फळ फेब्रुवारीपासून निघते, डाग कमी, भाव बरा. ऐकायला सोपे आहे. पण हस्त बहारासाठी पावसाळा सरता सरता झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावे लागते. हलक्या रानात महिनाभर, भारी रानात त्याहून जास्त. पाने पिवळी पडली की इथ्रेलची फवारणी करून ती गाळायची, हलकी छाटणी करायची, शेणखत-खते द्यायची आणि मग बेताचे पहिले पाणी सोडायचे. नेमक्या त्या दिवसांत परतीचा पाऊस कोसळला की ताण तुटतो. पालवी फुटते आणि कळी रुसते. शिवाय फळ पोसायला हिवाळा-उन्हाळ्याचे पाणी हवे. शेततळे असलेला हस्त धरतो. नसलेला मृगच धरतो, तेल्या माहीत असूनही. हा हट्ट नसतो, विहिरीचा हिशेब असतो.

केंद्राचे दुसरे सांगणे त्याहून जड जाते: तोडणीनंतर झाडाला तीन-चार महिने विश्रांती द्या. भाव चढा असताना एक बहार संपताच दुसरा धरायचा मोह कोणाला होत नाही? दोन बहार ओरबाडलेली झाडे मग मर रोगाला आणि खोडाला सुईएवढी भोके पाडणाऱ्या भुंगेऱ्याला लवकर बळी पडतात. अलीकडे सांगोल्याकडे या भुंगेऱ्याने बागाच्या बागा बसवल्या. खोडाला गेरूचा लेप देणे हा जुनाच उपाय, त्यात कीटकनाशक मिसळून तो आता बहुतेक बागांत दिसतो.

रोपांचीही तीच गत. गुटी कलम स्वस्त आणि सोपे, पण रोगी झाडावर बांधलेली गुटी रोग घेऊनच नव्या रानात जाते. एकरी तीनशे झाडे लावायची तर रोपामागे वाचवलेले चार रुपये मोठे दिसतात, नुकसान दिसायला दोन वर्षे लागतात. केंद्राने ऊतिसंवर्धित रोपांवर भर दिला तो यासाठीच.

स्वतःचे वाणही केंद्राने दिले. 2017 मध्ये आलेल्या सोलापूर लालमध्ये लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व भगव्यापेक्षा जास्त आहे. बाजार मात्र अजून भगव्याच्याच डोळ्यांनी फळ पारखतो. आडतीवर लोह कोणी मोजत नाही. दाणे वाळवणारे आणि रस काढणारे कारखाने जवळ असतील तरच या वाणाला खरा उठाव मिळेल.

तेल्या मात्र सातबारा पाहून पसरत नाही. एकाने बाग स्वच्छ ठेवली, पडलेली फळे वेचून जाळली, तरी शेजारची सोडून दिलेली बाग वाऱ्या-पावसातून त्याच्याकडे येत राहते. ती बाग उपटायला जेसीबीचे भाडे लागते, आणि कर्जात बुडालेला मालक ते देऊ शकत नाही. केगावची शिफारस एकेका बागेपुरती लिहिता येते. शिवारभर सगळ्यांनी एकाच वेळी एकच बहार धरावा, रोगी बागा एकदम काढाव्यात, हे गावाने बसून ठरवायचे काम आहे, आणि ते फार थोड्या गावांत होते.