वाळवण आता पेटीत

वैशाखात कुरडया-सांडगे वाळत घातले, की आपला एक डोळा कायम आभाळाकडे असतो. वळवाचा एक शिडकावा आला की सगळी मेहनत पाण्यात. धूळ, माश्या आणि शेजारणीची बकरी तर आहेतच. याच वाळवणाचा धंदा उभा करणाऱ्या एका माणसाची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

वैभव तिडके हे बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईचे. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत ते शिकले. भाव पडला की शेतकरी टोमॅटो-कांदा फेकून देतो, हे गावाकडे पाहिलेलं. म्हणून मित्रमैत्रिणींना घेऊन त्यांनी विजेशिवाय चालणारा सौर ड्रायर तयार केला. निधी पंत या त्यांतल्याच एक. 2013 मध्ये या ड्रायरला डेल कंपनीच्या विद्यार्थी स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं.

ड्रायर म्हणजे उन्हात ठेवायची झाकणाची पेटी. आत काळे ट्रे. काळा रंग ऊन ओढून घेतो हे आपल्याला तव्यावरून ठाऊक आहेच. ट्रे तापतो आणि त्याची ऊब थेट चकतीला खालून लागते, वरून गरम हवा लागते. निघालेली वाफ वाटेने बाहेर जाते. म्हणून माल लवकर वाळतो, स्वच्छ राहतो, रंगही फारसा उडत नाही. पावसाळी आभाळात मात्र काम मंदावतं, कुणी काहीही सांगो.

पण खरी अडचण यंत्राची नव्हतीच. वाळवलेला माल घेणार कोण? आणि बाईच्या नावावर जमीन नसेल तर बँक कर्ज कशावर देणार? म्हणून त्यांच्या ‘एस फोर एस टेक्नॉलॉजीज’ कंपनीने वेगळी रीत धरली. बाईला ड्रायरसाठी बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं, कांदा-आलं तिच्या दारात आणून द्यायचं आणि वाळवलेला माल कंपनीनेच विकत घेऊन पुढे खाद्यपदार्थांच्या कारखान्यांना विकायचा. छत्रपती संभाजीनगरकडच्या कितीतरी बाया असं काम करतात. 2023 मध्ये कंपनीला इंग्लंडचे युवराज विल्यम यांनी सुरू केलेला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. रक्कम दहा लाख पौंड, म्हणजे आपले दहा कोटींच्या घरात.

आता आपल्या वाशिमचं बोलू. हळद शिजवून वाळवणं रिसोडकडच्या बायांना कुणी शिकवायला नको. पण क्विंटलाने हळद अशा छोट्या पेटीत मावत नाही. तिथे आलं, कांदा, टोमॅटो, मेथी बघावी. हिशेब आधी मांडा. दहा किलो कांदा सोलून-चिरून वाळवला, तर हातात सव्वा किलोच्या आसपास येतो. टोमॅटो तर अर्धा-पाऊण किलोच. म्हणजे माल स्वस्त असतानाच परवडतं.

आम्हाला यातली एक गोष्ट खटकते. घेणारा एकच असला, की भावही तोच ठरवतो. म्हणून गटाने ड्रायर घेण्याआधी विचारावं: भाव लेखी मिळेल का? माल परत आला तर नुकसान कुणाचं? कर्ज आणि यंत्र दोन्ही बाईच्याच नावावर आहे ना? नाहीतर हप्ता तिचा आणि पेटी दादल्याची, असं व्हायचं. अन्नप्रक्रियेच्या केंद्राच्या योजनेत बचत गटाच्या सदस्यांना 40 हजार रुपयांपर्यंत बीज भांडवलाची सोय केलेली आहे. ‘उमेद’च्या ताईंना किंवा तालुका कृषी कार्यालयात त्याबद्दल विचारा. विक्रीसाठी अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, तीही तेव्हाच करून टाका.

आणि घरी करून पाहायचं असेल तर कांद्याच्या चकत्या सारख्या जाडीच्या कापा, नाहीतर पातळ करपते आणि जाड ओली राहते. वाळली वाटली की एक चकती वाकवून बघा. वाकली तर अजून ओल आहे. कट्कन मोडली तर माल गार होऊ द्या, मगच डब्याचं झाकण लावा.