आत्याच्या फोनसाठी हलती चित्रं

नोव्हेंबर जवळ आला की पेन्शनर असलेल्या प्रत्येक घरात हयातीच्या दाखल्याचा विषय निघतो. पूर्वी बँकेत किंवा पोस्टात जाऊन, रांगेत उभं राहून, आपण जिवंत आहोत हे सहीनिशी सांगावं लागे. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं आणि बोटाच्या ठशावर काम होऊ लागलं. पण ठसा घेणारं यंत्र काही घरोघरी नसतं, आणि म्हातारपणी बोटांवरच्या रेषाही पुसट होतात. २०२१ च्या नोव्हेंबरपासून केंद्र सरकारच्या पेन्शनरांना फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून घरबसल्या दाखला देता येतो. दाखला वेळेत गेला नाही तर पेन्शन अडकते, म्हणून ही धावपळ.

माझी आत्या ग्वाल्हेरला, लष्कर भागात एकटी राहते. पोस्टातून निवृत्त झालेली बाई. आयुष्यभर दुसऱ्यांची मनीऑर्डर मोजून दिली, आता स्वतःचं काम दुसऱ्याच्या हातात देणं तिला मुळीच पसंत नाही. “दरवर्षी कुणाच्या तरी मुलाला बोलवा, त्याला आधार नंबर सांगा, ओटीपी वाचून दाखवा, वर चहा पाजा. मला माझं माझं करता यायला हवं,” असं ती फोनवर म्हणाली. तिचं म्हणणं नुसतं हट्टाचं नव्हतं. हयातीच्या दाखल्याचं नाव सांगून पेन्शनरांकडून ओटीपी काढून घेणारे ठक आहेतच. ‘ताई, हे ॲप टाका, मी इथून तुमचा फोन बघतो’ असं सांगणारेही आहेत.

मी बडोद्यात. फोनवरून शिकवणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे. “आत्या, खाली निळं बटण दिसतंय?” “अगं, निळं काही नाही. इथे हिंदीत काहीतरी लिहिलंय.” “ते दाब.” “दाबलं. सगळंच गेलं.” व्हिडिओ पाठवावा तर तो सुरू करायचा, थांबवायचा, मागे न्यायचा, आणि तोवर हातातलं ॲप हरवायचं. आत्याला ऐकूही कमी येतं, त्यामुळे माझ्या आवाजाचा उपयोग निम्माच.

तेव्हा मी तिला गिफ पाठवायचं ठरवलं. हे तेच, ज्यात मांजर परत परत टेबलावरून पडतं. १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या गटाने हा प्रकार तयार केला, तो मंद फोनलाइनवरून रंगीत चित्रं पाठवता यावीत म्हणून. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक चौकट किती वेळ दिसावी हे ठरवायची सोय आली आणि १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरने ते सतत फिरत ठेवायची युक्ती जोडली. (उच्चार ‘जिफ’ असा आहे असं विल्हाइट यांनी २०१३ मध्ये ठणकावून सांगितलं होतं. आमच्या घरात तरी कुणी ऐकलं नाही.) आवाज नाही, सुरू करायचं बटण नाही, संपलं की आपोआप पुन्हा पहिल्यापासून. शिकणाऱ्याला ‘परत एकदा दाखव ना’ असं म्हणावंच लागत नाही, आणि माझ्या मते वडीलधाऱ्यांना शिकवताना निम्मी अडचण त्या ‘परत एकदा’च्या संकोचाचीच असते.

बाबा रेल्वेतून निवृत्त, माझ्याजवळच राहतात. त्यांचा दाखला काढतानाच मी फोनचा पडदा रेकॉर्ड केला. अँड्रॉइड ११ पासून ही सोय बहुतेक फोनमध्ये आतच असते: पडदा वरून खाली ओढला की ‘स्क्रीन रेकॉर्ड’ सापडतं. तिथेच ‘स्पर्श दाखवा’ असा पर्याय असतो, तो नक्की चालू करा. नाहीतर बोट कुठे पडलं ते रेकॉर्डिंगमध्ये दिसतच नाही, पानं आपोआप बदलल्यासारखी वाटतात.

त्याआधी दोन कामं केली. पहिलं, बाबांच्या फोनची भाषा हिंदी केली. आत्याचा फोन हिंदीत आहे, माझा इंग्रजीत, आणि आम्ही बोलतो मराठीत! तुमच्यापैकी बऱ्याच घरांत असंच असेल. फोनची भाषा गावाप्रमाणे हिंदी, गुजराती, कन्नड किंवा तेलुगू. समोरच्याच्या पडद्यावर जे अक्षर आहे तेच चित्रात दिसलं पाहिजे. वर लिहायची सूचना मात्र मराठीत: ‘इथे दाबा’, ‘आता थांबा, चक्र फिरेल’. दुसरं काम, ‘व्यत्यय नको’ चालू केलं. रेकॉर्डिंग चालू असताना वरून मेसेज टपकतात, त्यात कधी बँकेची शिल्लकही असते.

खरी मेहनत पुढे आहे. या कामात आधार क्रमांक, मोबाइल नंबर, ओटीपी, पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक असं सगळंच पडद्यावर येतं. हे आकडे धूसर करून भागत नाही. धूसर केलेले आकडे कधीकधी परत वाचता येतात. वर सरळ काळी पट्टी टाकायची आणि ती प्रत्येक चौकटीत आहे ना ते एकेक चौकट पुढे सरकवून बघायचं. गिफ म्हणजे एकामागे एक रचलेली चित्रंच. त्यातल्या एका चित्रात जरी नंबर उघडा राहिला तरी तो कुणालाही थांबवून वाचता येतो. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेलं काही तिथेच राहत नाही, हे वेगळं सांगायला नको. चेहऱ्याचा भाग तर मी कापूनच टाकला. तिथे नुसती पाटी लावली: ‘खिडकीकडे तोंड करून बसा, डोळ्यांची उघडझाप करा’. बँकांच्या बऱ्याच ॲपमध्ये रेकॉर्डिंग केलं तर नुसता काळा पडदा येतो. ते मुद्दाम केलेलं असतं. त्यातून वाट काढत बसू नका, तिथे कागदावर लिहून द्या.

कापाकापी मी विंडोजवर ‘स्क्रीन-टू-गिफ’ या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये केली. कॉम्प्युटरचाच पडदा टिपायचा असेल तर त्यानेच थेट टिपता येतो. मॅकवाल्यांना ‘लाइसकॅप’ आहे. फाइल फार मोठी होते ही सगळ्यांची तक्रार असते, पण उपाय साधा आहे. रुंदी-उंची निम्मी केली की ठिपके पाव होतात. सेकंदाला ३० ऐवजी १० चौकटी ठेवल्या की त्याचाही तिसरा हिस्सा. म्हणजे मुळातच बारापट कमी माल. गिफच्या एका चौकटीत जास्तीत जास्त २५६ रंग मावतात, म्हणून फोटोवर डाग पडल्यासारखे दिसतात, पण सरकारी ॲपच्या सपाट रंगांना तेवढे पुष्कळ झाले. पान वरखाली सरकवणं टाळा. चौकटीतला बदललेला भागच साठवला तर जागा वाचते, आणि सरकवताना सगळंच बदलतं.

एका गिफमध्ये एकच पायरी ठेवली. सगळं मिळून सात झाली, प्रत्येक दहा सेकंदांच्या आतली. शेवटची चौकट तीन सेकंद थांबवून ठेवली, म्हणजे आता काय दिसायला हवं ते डोळ्यांत भरतं. कोपऱ्यात मोठा आकडा: १, २, ३. व्हॉट्सॲपवर साधं पाठवलं की ते त्याचा छोटा व्हिडिओ करतं आणि बारीक अक्षरं पुसट होतात, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं.

आत्याने आधी दोन दिवस नुसती बघितली. मग शेजारच्या काकूंचा जुना फोन मागून आणला, त्यावर चित्रं लावून ठेवली आणि स्वतःच्या फोनवर एकेक पायरी करत गेली. चौथ्या पायरीला अडली, कारण पीपीओ क्रमांकाचा कागद कपाटात होता. तो शोधण्यात अर्धा तास गेला, पण गिफ बिचारं तिथेच फिरत राहिलं. संध्याकाळी दाखला तयार झाल्याचा मेसेज आला आणि लगेच तिचा फोन: “झालं माझं. आता त्या काकूंनाही पाठवू का?” मी म्हटलं, “पाठव, म्हणून तर पट्ट्या मारल्यात.”

ॲप दरवर्षी थोडं बदलतं. बटण वरचं खाली जातं, एखादं पान वाढतं. म्हणून पहिल्याच चौकटीत महिना आणि वर्ष लिहून ठेवलंय. यंदा ऑक्टोबरच्या शेवटी बाबांना पुन्हा खिडकीपाशी बसवून तिसरं आणि सहावं नव्याने टिपायचं आहे, बाकीची पाच बहुधा चालतील.