गेमिंग पीसी जोडताय? आधी पैसे कुठे घालायचे ते ठरवा

लॅमिंग्टन रोडवर खरेदीला गेलात तर कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांकडे सगळ्यात शेवटी बघा. स्क्रीनवरचं प्रत्येक दृश्य ग्राफिक्स कार्ड रंगवतं, म्हणून बजेटचा सर्वांत मोठा वाटा त्यालाच. १०८०पी मॉनिटर असेल तर ८ जीबीचं आरएक्स ६६०० अजूनही माझं आवडतं कार्ड आहे. ते जेमतेम १३२ वॅट वीज घेतं, त्यामुळे नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा पॉवर सप्लाय निवांत पुरतो. पण तिथे स्वस्तातला बिननावाचा डबा मात्र अजिबात घेऊ नका. तो बिघडला तर सोबत महागडं कार्डही जाऊ शकतं.

प्रोसेसर रायझन ५ ५६००. ६ कोअर, १२ थ्रेड आणि बॉक्समध्येच कूलर, म्हणजे तो खर्च वाचला. त्यात अंगचं ग्राफिक्स नाही, हे लक्षात ठेवा. जोडीला साधा बी५५० मदरबोर्ड.

रॅम १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. ड्युअल चॅनेलमुळे प्रोसेसरला डेटा दुप्पट रुंद वाटेने मिळतो आणि कित्येक गेममधलं अडखळणं कमी होतं. कॅबिनेट? पुढून जाळी असलेलं कुठलंही चालेल.